चांदीवरचा अंगठा

आई, परवा तुझी नाणी घेऊन जळगावला गेले होते. विकायला. हे आधीच सांगून टाकते, म्हणजे पुढचं लिहिताना हात अडखळणार नाही. गुडघ्याचं ऑपरेशन आता पुढे ढकलण्यासारखं राहिलेलं नाही. कठडा धरून, उलट्या तोंडाने जिना उतरावा लागतो. आणि चांदीचा भाव यंदा असा चढलाय की धुळ्यात भाजी घेतानासुद्धा बायका त्याच्याबद्दल बोलतात. पैंजण, करंडे, बारशातल्या वाट्या, लोक सगळं कपाटातून काढून वितळवायला नेतायत. तुझा नातू पुण्याहून फोनवर म्हणाला, "आजीची नाणी नुसती पडूनच आहेत ना? आत्ता नाही तर कधी काढणार?" त्याचं काही चुकलं नाही. चांदी ठेवायची ती वेळेला काढण्यासाठी, हे तर तूच शिकवलं होतंस.

तुझ्या बँकेत तू एकटी बाई होतीस. सरकार एखाद्या निमित्ताने चांदीची नाणी पाडतं, ती बाजारात चालवायची नसतात, हौसेनं ठेवायची असतात, त्यासाठी टांकसाळीकडे अर्ज भरून आगाऊ पैसे पाठवायचे, हे तुला तिथल्या फलकावर लावलेल्या कागदावरून कळलं. पहिलं नाणं मागवलंस तेव्हा बँकेतली माणसं हसली होती. पन्नास रुपये लिहिलेल्या नाण्यात पन्नासाची चांदी नसते, निम्मी चांदी आणि बाकी तांबं, निकेल, जस्त. मागवायला पडतात ते पैसे वर. "बाई, तुम्ही बँकेत असून फसलात," असं कुणीतरी म्हणालं. तू घरी येऊन नानांना हे हसत सांगितलंस. नाना एसटीच्या वर्कशॉपमधून आले होते, हात धूत होते. त्यांनी विचारलं, "मग कशाला मागवलं?" तू म्हणालीस, "माझ्या नावानं पार्सल येईल. चांदीचं." नशिराबादला तुझे वडील जन्मभर दुसऱ्यांच्या शेतात राबले, तुझ्या आईच्या पायातली कडी तुझ्या शिक्षणासाठी गेली, हे नानांना माहीत होतं.

नाण्याला तीन किमती असतात हे तू मला स्वयंपाकघरात बसून शिकवलंस. मी जरा मोठी झाले होते तेव्हा. तांदूळ निवडताना तू बोलत होतीस. एक किंमत छापलेली, ती कधी बदलत नाही. दुसरी आतल्या चांदीची. नाण्याचं वजन घ्यायचं, त्याचं निम्मं करायचं आणि त्या दिवसाच्या भावाने गुणायचं. ती रोज बदलते. तिसरी हौशी माणसाच्या मनातली, आणि ती सगळ्यांत नाजूक. आरशासारखी झिलई असलेल्या नाण्याला एकदा उघडं बोट लागलं की तिसरी किंमत संपली. म्हणून कडेनेच धरायचं. मी विचारलं, "मग काय उरतं?" तू तांदळातला खडा बाजूला टाकलास आणि म्हणालीस, "चांदी उरते." तुझा आवाज तेव्हा बदलला होता. ते पहिलं नाणं तुझ्या मनात होतं हे मला कळलं.

ते पहिलं नाणं छोट्या कुटुंबाचं होतं. आईबाप आणि त्यांचं छोटं कुटुंब. तेव्हा असे फलक सगळ्या दवाखान्यांच्या भिंतींवर असायचे. मखमली डबीतून तू ते काढलंस आणि आम्हा दोघांना दाखवलंस, मला आणि धाकट्याला. तो तेव्हा शाळेतही जात नव्हता. तू ते कडेनं धरून फिरवत होतीस आणि तो हवेतल्या हवेत बोट दाखवून म्हणत होता, "हे नाना, ही आई, ही अक्का, हा मी." मग तू डबी कपाटात ठेवलीस.

पुढचा दिवस मला तुकड्यातुकड्यांनी आठवतो. उन्हाळा आहे. शेजारच्या बायका ओसरीवर पोळपाट मांडून बसल्या आहेत, उडदाचे पापड चालू आहेत. तू सुट्टी घेतली आहेस. आम्ही दोघं परातीभोवती घुटमळतोय आणि कुणी ना कुणी हातावर लाटी ठेवतंय. तेलात बुडवून लाटी खायची, जिभेला पापडखार चुरचुरतो, हात कोपरापर्यंत तेलकट. कपाटाची किल्ली त्या दिवशी कपाटालाच राहिली होती. मग मला तुझा आवाज ऐकू येतो. तू खोलीत आहेस, तो कपाटापुढे उभा आहे, नाणं त्याच्या हातात आहे आणि त्या आरशावर मधोमध एक तेलकट डाग आहे. तू त्याला मारलंस. एकच थप्पड, पण जोराची. तुझ्या हाताचं पीठ त्याच्या गालावर उमटलं. बायका लाटायच्या थांबल्या. एक म्हणाली, "जाऊ द्या वं बाई, लेकरू शे." तू नाणं फडक्याने टिपलंस, डबीत घातलंस, किल्ली कनवटीला लावलीस आणि परत येऊन पापड लाटायला बसलीस. तो बराच वेळ रडत होता. मी त्याला माझ्या वाटणीची लाटी दिली. ती त्याने घेतली नाही.

त्याच पावसाळ्यात त्याला ताप आला. आधी साधाच वाटला, मग मान कडक झाली, आणि नानांनी त्याला खांद्यावर टाकून मोठ्या दवाखान्यात नेलं. डॉक्टर ताप मेंदूत गेल्याचं म्हणाले. तिथून तो परत आला नाही. मला तेव्हा शेजारी ठेवलं होतं. मी परत घरी आले तेव्हा त्याच्या चपला दारात नव्हत्या, त्याची चादर नव्हती, आणि तू भिंतीला पाठ टेकून बसली होतीस. एकही फोटो नव्हता त्याचा. स्टुडिओत जाऊ जाऊ म्हणता राहून गेलं होतं.

डबी तू कधी उघडलीस ते मला माहीत नाही. मला आठवतं ते हे, की एका सकाळी मी शाळेची वेणी घालून घ्यायला आले, तर तू खिडकीशी उभी होतीस आणि नाणं उजेडात तिरपं धरून बघत होतीस. फडक्याने टिपलेला डाग गेला नव्हता. तेल, मीठ, पापडखार यांनी चांदीत घर केलं होतं, आणि डागाच्या जागी बारीक करड्या रेषा उठल्या होत्या. "इकडे ये," तू म्हणालीस. "हात नको लावू. नुसतं बघ. अंगठा आहे त्याचा." मी बघितलं. तुझा श्वास माझ्या केसांत येत होता. मला तेव्हा भीती वाटली, आई. तो गेला म्हणून जेवढी वाटली नव्हती तेवढी. वाटलं, हा अंगठा आता घरातच राहणार.

आणि तो राहिला. दर सकाळी बँकेत जाण्याआधी तू खिडकीशी जायचीस. पापडांच्या दिवसांत पहिली लाटी बशीत घालून डबीपुढे ठेवायचीस. त्याच्या वाढदिवसाला माझ्याशी बोलायची नाहीस, रागाने नाही, तू तिथे नसायचीसच. मी दहावीत पहिली आले, पेढे आणले, तू एक पेढा मला भरवलास आणि दुसरा डबीपाशी नेलास. मी मोठी होत गेले आणि त्याचा अंगठा तेवढाच राहिला. पाहुणे आले, की घरात मूल एकच असूनही आवाज दोन मुलांचे ऐकू येतील की काय, असं मला वाटायचं. नाना घरात कमी बोलायला लागले. एकदा फक्त म्हणाले, "मी तुला रडायचं बंद कर म्हणत नाही. पण पोरीकडे बघ जरा." तू म्हणालीस, "बघते ना." तुझी नजर तेव्हाही खिडकीकडे होती.

एकदाच मी ते नाणं उचललं. कॉलेजला होते, आम्लांचा धातूंवरचा परिणाम शिकत होते, आणि मला वाटलं, चिंचेच्या कोळाने हा डाग निघेल आणि मग आपलं घर इतरांच्या घरासारखं होईल. मी चिंच भिजवलीसुद्धा होती. तू मागून येऊन माझं मनगट धरलंस. त्याच्यानंतर तू मला कधीही मारलं नाहीस, त्या दिवशीही नाही. पण मनगटावर तुझी बोटं निळी उमटली. "हाई त्यानं शे," तू म्हणालीस. रागावलीस की तू अहिराणीत यायचीस. "मना मारना ठसा तर पुसाई गया, हाई तरी राहू दे." तू मारलेल्या थपडेचा ठसा त्याच्या गालावरून पुसला गेला होता, आणि ते तुला आयुष्यभर पुरलं, हे मला त्या दिवशी कळलं.

मधल्या काळात चांदी एकदा अशीच भडकली होती. नानांना घराचा स्लॅब टाकायचा होता. तोवर तुझ्याकडे दर वर्षीची नाणी जमली होती. धान्याचं, बचतीचं, मुलांच्या वर्षाचं. नाना म्हणाले, "पहिल्यांदाच छापलेल्या किमतीपेक्षा आतली चांदी महाग झालीये. हा भाव परत दिसायचा नाही." तू मुकाट्याने सगळ्या डब्या पिशवीत भरल्यास. एक ठेवलीस. नाना म्हणाले, "तेही दे. त्याच्यातही तेवढीच चांदी आहे."

"त्याला डाग आहे. कोण घेईल?"

"वितळवणाऱ्याला डागाचं काय? मुशीत सगळं सारखंच."

ते नानांनी नुसतं व्यवहाराचं म्हटलं होतं. पण तू अशी काही त्यांच्याकडे बघितलंस की त्यांनी पिशवी खाली ठेवली. "बठ्ठं लई जा," तू म्हणालीस, "हाई नही." नाना जळगावला जाऊन बाकीची विकून आले. स्लॅब पडला. पुढच्याच वर्षी तू पुन्हा अर्ज भरलास, पुन्हा पार्सलं यायला लागली. पण त्या नाण्यांकडे तू घेऊन ठेवण्यापलीकडे कधी बघितलं नाहीस. माझ्या लग्नात तू मला सगळं दिलंस, साड्या, भांडी, तुझी बोरमाळ. डबी दिली नाहीस. ती तू गेल्यावरच माझ्याकडे आली. शेवटी तुला बोलताना दम लागायचा, तरी तू म्हणालीस, "त्याला एकटं ठेवू नको." मी हो म्हटलं.

म्हणून परवा मी ते जळगावला नेलं. विकायला नाही. घरात एकटं ठेवायचा धीर झाला नाही, इतकंच. पारोळ्याला बस थांबली तेव्हा मी पर्समध्ये हात घालून डबी आहे ना ते बघितलं, आणि मग स्वतःचंच हसू आलं.

सराफ बाजाराच्या मागच्या गल्लीत एकजण जुनी नाणी घेतो. तरुणच आहे, माझ्या मुलापेक्षा थोडा मोठा. त्याने हातमोजे घातले आणि नाण्यांचे दोन भाग करायला लागला. "काकू, ही हौशी गिऱ्हाइकाला जातील, चांदीच्या भावापेक्षा चार पैसे जास्त मिळतील. तुमच्या आईंनी फार नीट ठेवलीयेत, हातही लागलेला नाही." मी म्हटलं, "हो, हात नाही लावला तिनं त्यांना." मग त्याची नजर पर्समधल्या डबीवर गेली. "ते?" मी का दिलं त्याला कोण जाणे. इतकी वर्षं घरातल्यांशिवाय कुणी ते पाहिलं नव्हतं. कुणीतरी बघावं असं वाटलं असेल.

त्याने ते भिंगाखाली धरलं आणि चुकचुकला. "पहिल्या नाण्यांपैकी आहे, चांगली किंमत आली असती. पण ठसा बसलाय. कुठल्यातरी तेलकट, खारट हाताने दाबून धरलंय, रेषांच्या जागी चांदी खाल्ली गेलीये. आता हे धातूच्याच भावाने जाणार." मी म्हटलं, "विकायचं नाहीये." तो म्हणाला, "नका विकू, पण बघा तर खरं, असा स्वच्छ ठसा मी कधी बघितला नाही." आणि त्याने ते छोट्या कॅमेऱ्याखाली ठेवलं, आणि काउंटरवरच्या पडद्यावर तो अंगठा उभा राहिला. माझ्या तोंडाएवढा.

डोंगरउतारावरच्या नांगरटीसारख्या रेषा होत्या, वळत वळत मधे येणाऱ्या. मी त्याला इतक्या जवळून कधी बघितलं नव्हतं. मला वाटलं, आता मी त्याच्याशी बोलेन. तेवढ्यात तो माणूस पेन्सिलीने दाखवत म्हणाला, "हे बघा, इथे तिरपी रेघ आहे, सगळ्या रेषा तुटल्यात. लहानपणी कापलं असणार. कुणाचा आहे हा?" आणि मागून गिऱ्हाइकाने हाक मारली म्हणून तो उत्तर न घेता तिकडे वळला.

आई, त्याला कधी कापलं नव्हतं. विळीच्या आसपास तू त्याला येऊच द्यायची नाहीस, कारण त्याच्या आधी मला कापलं होतं. तुला आठवत असेल. मी कैरी चिरायला बसले होते, तू हळद दाबून फडकं बांधलंस आणि मला मांडीवर घेऊन बसलीस. ती खूण अजून आहे. उजव्या अंगठ्यावर, तिरपी.

मी नाणं थोडं सरकवलं आणि माझा अंगठा कॅमेऱ्याखाली धरला. हात काउंटरला टेकवून धरला. पडद्यावर एकाशेजारी एक दोन अंगठे आले, एक लहान, एक म्हातारा, सुरकुतलेला. रेघ उलट्या बाजूला कललेली होती, आरशात दिसावी तशी, कारण ठसा उलटाच उमटतो. पण ती जिथे सुरू होत होती, जिथे एका रेषेला फाटा फुटत होता, जिथे संपत होती, ते सगळं तेच होतं. मी तीनदा अंगठा काढला आणि तीनदा ठेवला.

मला त्या दिवशीचं आठवत नाही. शपथ घेऊन सांगते, आठवत नाही. मी कपाट उघडलं असेन, मी काढलं असेन, मी त्याच्या हातात दिलं असेन. यातलं काहीही मला दिसत नाही. एवढंच दिसतं, आणि तेही आता दिसायला लागलंय म्हणून खरं की खोटं सांगता येत नाही, की तू खोलीत आलीस तेव्हा त्याने नाणं कडेनं धरलं होतं. दोन्ही हातांच्या बोटांनी, कडेनं. तू दाखवलं होतंस तसं. एरवी साखरेच्या डब्यापासून सगळ्याची चुगली करणारा तो, माझं नाव त्याने घेतलं नाही. किंवा त्याला घ्यायला वेळच मिळाला नाही.

दुकानदार परत आला तेव्हा मी हात मांडीवर घेतला होता. त्याने पुन्हा विचारलं, सहजच, "कुणाचा म्हणालात, काकू?"

"माझ्या भावाचा," मी म्हटलं. "लहान होता. गेला."

त्याने हातमोजे काढले, बाकीच्या नाण्यांचे पैसे करून दिले, आणि ते एक नाणं स्वच्छ कागदात गुंडाळून स्वतः डबीत ठेवून मला दिलं. "असू द्या," म्हणाला. "हे बाजारात येऊच नये." बाहेर आले तर ऊन डोक्यावर होतं आणि गल्लीत चांदीची मोड घेऊन आलेल्या बायकांची रांग होती. मला कुठे जायचंय ते थोडा वेळ सुचेना. वाटलं, तो आत्ता गेला. इतकी वर्षं जपून ठेवलेला, आत्ता दुकानात, माझ्या हातून. त्याची चादर नाही, फोटो नाही, चपला नाहीत, आणि आता अंगठाही नाही.

घरी आल्यावर, पुण्याहून माझ्या मदतीला आलेल्या सूनबाईने विचारलं, "मामाचं नाणं आणलंत ना परत?" मी हो म्हटलं. ती त्याला मामा म्हणते, तिच्या नवऱ्याचा मामा. तिच्या पोटात मूल आहे, आणि ती डबीपुढून जाताना हळू जाते. तिला मी काही सांगणार नाही, कुणालाच सांगणार नाही. तुलाही नाही. तुझा पत्ता असता तरी हे मी टाकलं नसतं, फाडून चुलीत घातलं असतं. तुला त्या थपडेसोबत जगायला तेवढा एक आधार होता, की निदान त्याने काहीतरी केलं होतं आणि ते तरी तुझ्यापाशी राहिलं. ते मी तुझ्याकडून काढून घेणार नाही. तो अंगठा त्याचाच आहे. मी दुकानात तसं सांगितलंय, आणि सगळ्यांना तसंच सांगेन.

फक्त एक कुणाला तरी सांगायला हवं, आणि तुझ्याशिवाय कुणी नाही. पडद्यावर दोन्ही रेषा जुळल्या तेव्हा तो मला नंतर आठवला. त्याचं रडणं, त्याच्या गालावरचं पीठ, हे सगळं नंतर आलं. त्याच्याआधी, क्षणभरच, पण स्पष्ट, इतकी वर्षं तू रोज सकाळी उजेडात कुणाला बघत होतीस ते मला कळलं, आणि मला आनंद झाला होता.